दोन दगडांवर पाय

'दोन दगडांवर पाय ठेवू नये' असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र नेमकं उलटं! इथे एकाच दगडावर उभा राहणारा आधी पडतो. म्हणूनच आपल्या हॉस्टेलला दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी आहेत, एक १०० एमबीपीएसची आणि दुसरी ५० ची. तरीही मेसमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "दोन्ही मिळून दीडशे व्हायला पाहिजेत ना? मग माझं डाउनलोड शंभरच्या वर का जात नाही?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी जरा जालन्याच्या स्टेशनवर जाऊ या. इथून संभाजीनगरला रेल्वेने जाता येतं, एसटीनेही जाता येतं. पण रेल्वेचं तिकीट काढून बदनापूरला उतरलो आणि एसटीत चढलो, तर कंडक्टर ते तिकीट चालवून घेईल का? इंटरनेटचंही तसंच. प्रत्येक लाइनचा बाहेरचा आयपी पत्ता वेगळा असतो. एका पत्त्यावरून सुरू झालेलं कनेक्शन मध्येच दुसऱ्या लाइनवरून गेलं, तर पलीकडचा सर्व्हर त्याला ओळखतच नाही. म्हणून राउटर एक कनेक्शन शेवटपर्यंत एकाच लाइनवर ठेवतो आणि नवीन कनेक्शन साधारण दोनास एक या प्रमाणात वाटून देतो. त्यामुळे एकटीचं डाउनलोड वाढत नाही, पण सगळ्या हॉस्टेलची गर्दी विभागली जाते. थोडक्यात, ही बेरीज नाही, वाटणी आहे.

या वाटणीतही गोम आहे. बँकेची साइट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते. त्यातलं एक या पत्त्यावरून आणि दुसरं त्या पत्त्यावरून आलं, की काही साइट संशय घेऊन सरळ लॉगआउट करतात. म्हणून एकीचं एका साइटवरचं काम थोडा वेळ एकाच लाइनवर चिकटवून ठेवावं लागतं.

आणि लाइन जिवंत आहे हे राउटरला कसं कळतं? तो थोड्या थोड्या वेळाने विचारतो, "आहेस का?" पण विचारायचं कोणाला? कंपनीचा डबा तर आपल्याच भिंतीवर. रस्त्यावर केबल तुटली तरी, वीज आहे तोवर तो "आहे, आहे" म्हणत राहणार! म्हणून प्रत्येक लाइनवरून दूरच्या एखाद्या पत्त्याला विचारायचं.

हे सगळं नीट बसवलेलं असतानाही दिवाळीनंतर आपलं नेट दोन दिवस ठप्प होतं. कंपन्या दोन, बिलं दोन, पण गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंतची चारी एकच! खोदकामाला आलेल्या जेसीबीने एका घासात दोन्ही केबल तोडल्या. नेमका शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा आठवडा. मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या कितीतरी मुलींसाठी तो फॉर्म म्हणजे वर्षाची फी. माझ्या खोलीतली ज्युनिअर एकच वाक्य म्हणत होती, "ताई, हे राहिलं तर पप्पा म्हणतील, घरी ये." शेवटी रेक्टर मॅडमनी स्वतःचा मोबाइल टेबलावर ठेवला, हॉटस्पॉट चालू केला आणि रांग लावली. रात्री दीडपर्यंत सगळे फॉर्म गेले. वाचवलं ते त्या चारीतून न जाणाऱ्या तिसऱ्या वाटेने.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या, फ्लॅग आणि सी-मी-वी ४. दोन्ही मुंबईला येणाऱ्या! भारताचं इंटरनेट रखडलं आणि कंपन्यांना ट्रॅफिक पूर्वेकडून, पॅसिफिकमार्गे वळवावा लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा तेच झालं. तेव्हाही जेद्दाजवळ तुटलेल्यांत सी-मी-वी ४ होतीच. केबल कितीही असल्या तरी वाट अरुंद असेल तर सगळ्यांचा गळा एकाच जागी आवळला जातो.

जालनेकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला, तेव्हा शहराला टँकरची वाट पाहावी लागली. नळ वाढवून काय उपयोग, पाणी दुसरीकडून यायला हवं!

आता आपल्याकडे फोर-जीची तिसरी लाइन आहे. वेग कमी, एरवी ती झोपलेली असते. दोन्ही केबल गेल्या की आपोआप उठते आणि सिनेमे थांबवून आधी फॉर्म आणि मेल सोडते. तेव्हा मैत्रिणींनो, एखाद्या दिवशी रील अडकली तर लगेच चिडू नका. कदाचित त्याच क्षणी शेजारच्या खोलीतून कोणाची तरी वर्षाची फी जात असेल.