काकूंना शून्य मार्क!

देहूरोड म्हटलं, की हिंजवडीतल्या आपल्या मित्रमंडळींना आठवतं ते हायवेवरचं ट्रॅफिक, नाहीतर लोणावळा लोकलचं एक स्टेशन. तुकोबांचं देहू वेगळं. हे कॅन्टोन्मेंटचं गाव. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, ती इथेच. आणि इथल्याच एका छोट्याशा वाचनालयात गेल्या वर्षी मी चक्क परीक्षक झाले!

झालं असं, की वस्तीतल्या कुणाला कॉम्प्युटर-मोबाइलचं किती जमतं, ते बघून वर्ग सुरू करायचा होता. प्रश्नपत्रिका काढायचं काम माझ्याकडे. मास कॉमवाली मी, सर्व्हेचे फंडे एकदम क्लिअर! २०२०-२१ च्या सरकारी नमुना पाहणीत फाइल कॉपी करता येते का, अटॅचमेंटसह ई-मेल पाठवता येतो का, असे प्रश्न होते. मी तेच उचलले.

पहिल्याच रविवारी एक काकू आल्या. वय ६४. यजमान डेपोत होते. आता घर फॅमिली पेन्शनवर. ई-मेल? नाही. माउस? कधी धरला नाही. फोल्डर? ''ते काय असतं गं?'' दहापैकी शून्य. मी लिहिलं आणि काकूंनी ते वाचलं. चेहरा पडलाच त्यांचा.

जाता जाता म्हणाल्या, ''आलेच आहे तर एवढं बघ. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाय. मोबाइलवर चेहरा दाखवला की होतो म्हणे.'' होतो. डिजिटल दाखला २०१४ पासून आहे, चेहऱ्यावरून २०२१ पासून. मी फोन हातात घेतला. बहिणीला पाठवलेले व्हॉइस मेसेज, भाजीवाल्याला दिलेले यूपीआयचे पैसे... शून्यवाल्या काकू हे सगळं रोज करत होत्या!

तेवढ्यात त्या म्हणाल्या, ''पिन लागला तर सांगते,'' आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात सांगितलाही. शेजारचा मुलगा, भाचा, मोबाइलच्या दुकानातला पोरगा, सगळ्यांना तो पाठ होता. पेन्शन त्याच खात्यात. माझ्या पोटात गोळाच आला.

म्हणजे काकूंना जे येतं ते माझ्या पेपरात नव्हतं, आणि जे यायलाच हवं तेही नव्हतं. नापास कोण?

२०१७ च्या 'पीएमजीदिशा' योजनेत २० तासांचं प्रशिक्षण मिळायचं. पण ग्रामीण भागात आणि १४ ते ६० वयालाच. २०२४ मध्ये तीही संपली. कॅन्टोन्मेंटमधल्या ६४ वर्षांच्या काकू कुठेच बसत नव्हत्या. फी नाही, फॉर्म नाही, चपला काढून सरळ आत यायचं, असं ठिकाण एकच उरलं: वाचनालय.

मी पेपर फाडला. नवा केला, माउसशिवाय. आधी काकूंचा पिन बदलला. त्यांनीच टाइप केला, मी तोंड फिरवून उभी राहिले. पुढच्या रविवारी पहिला प्रश्न टाकला, ''काकू, नवा पिन काय हो?''

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. ''आधी तुझा सांग!''

फुल मार्क.