मंगळसूत्र नाही, फ्लाय!

‘मंगळसूत्र ओवतेयस? कुणी भेटला वाटतं!’ माझ्यापुढचे मणी बघून आई खूश. सॉरी आई! गळात मणी ओवायचा, मागे पिसं-दोरा गुंडाळायचा, की झाली पाण्यातल्या किड्यासारखी ‘फ्लाय’. मासे फसतात म्हणे.

गेल्या वर्षी हिमाचलमध्ये, तीर्थन नदीवर, माझे नाही फसले. बायपासनंतरची बाबांची ती पहिलीच ट्रिप. दोन दिवस काठावर उभे होते, पण एक ट्राउट मिळेल तर शपथ! दोष माझ्या पितळी मण्यांचा. हलके, त्यामुळे पाण्याच्या ओढीत फ्लाय तळाशी पोचेचना. आता टंगस्टनचे आणलेत, पितळेच्या दुपटीहून जड. महाग आहेत, पण बाबांसाठी कंजुषी कसली? १४ नंबरच्या गळाला २.८ मिमीचा मणी. (नंबर वाढला की गळ लहान होतो. उगाच डोक्याला ताप!) गळाचा उलटा काटा आधी पकडीनं दाबून टाकते. मणी सहज सरकतो आणि मासा परत पाण्यात सोडताना त्यालाही कमी इजा होते.

काल बाबांनी मणी उलटा ओवला.

‘बारीक भोक नेढ्याकडे, बाबा.’

त्यांनी मुकाट्यानं काढला, चष्मा पुसला.

‘आणखी किती बांधायच्यात?’