झाडांनी सोसलेलं युद्ध

मुलांनो, नॉर्वेच्या अगदी उत्तरेला कोफ्योर्ड नावाची चिंचोळी खाडी आहे. गार पाणी, भोवती डोंगर, काठावर पाइनची झाडं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, इथंच दडून बसली होती ‘टिर्पिट्झ’, २५१ मीटर लांबीची जर्मन युद्धनौका!

विमानांतून ती दिसू नये म्हणून जर्मन सैनिक खाडीवर कृत्रिम धूर पसरवत. पुढे ती त्रोम्सोजवळ हलवली. तिथं १२ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी तिला बुडवलंच.

पण धुराचं काय? खोडात दरवर्षी एक वर्तुळ वाढतं, ठाऊक आहे ना? कोफ्योर्डच्या कित्येक पाइनमध्ये १९४५ चं वर्तुळच शास्त्रज्ञांना सापडलं नाही! विषारी धुरानं सुईसारखी पानं गळाली असावीत आणि वाढ खुंटली, असं त्यांनी २०१८ मध्ये सांगितलं.

भांडण माणसांचं, शिक्षा कुणाला झाली, सांगा बरं?