गर्दीपासून बाजूला

वाचन : मार्क ७:३१-३७



मार्कच्या शुभवर्तमानात एका बहिऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. लोक त्याला प्रभूकडे आणतात आणि याच्यावर हात ठेवा अशी विनंती करतात. प्रभू तिथल्या तिथे हात ठेवत नाही. आधी तो त्या माणसाला गर्दीपासून बाजूला नेतो. मग त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो. ज्याला शब्द ऐकू येत नाहीत त्याच्याशी प्रभू स्पर्शाने आणि नजरेने बोलतो. पुढच्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्यालाही तो हात धरून गावाबाहेर नेतो आणि मगच बरे करतो.

पांढुर्णा आणि सौंसर इथे रविवार-शाळेचे काम करताना आम्हाला हा उतारा वारंवार आठवतो. काही मुलांना आपल्याकडे येण्यात गर्दीचाच अडसर असतो.

अशा मुलांना आवाज, उजेड, वास, कपड्याचा स्पर्श फार तीव्रपणे जाणवतो. माइकची शिट्टी आपल्या कानाला नुसती टोचते, त्यांना ती मारासारखी लागते. नव्या शर्टाच्या कॉलरची चिठ्ठी दिवसभर सलते. काही मुलांचे उलट असते. त्यांना जाणीव कमी पडते, म्हणून ती उड्या मारतात, भिंतीला अंग घासतात, कॉलर चावतात. अमेरिकेतील जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी १९७२ साली यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, इंद्रियांकडून येणारी माहिती मेंदूत नीट जुळवली गेली नाही, तर त्याचा परिणाम मुलाच्या वागण्यावर आणि शिकण्यावर होतो. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांत असा त्रास पुष्कळदा दिसतो, पण ऑटिझम नसलेल्या मुलांतही तो असू शकतो.

आमच्या मंडळीत असा एक नऊ वर्षांचा मुलगा आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि अनोळखी माणसासमोर दोन्ही बंद. आपल्याकडे पोळ्याचे दिवस कसे असतात ते सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार. रस्त्यावर लोटलेली माणसे, आरोळ्या, घरी पाहुणे, शाळा बंद. ते दिवस सरले आणि मुलाला नव्या सवयी लागल्या. देवळात आला की प्रत्येक बाकाच्या कोपऱ्याला हात लावायचा. मध्ये कोणी अडवले की पुन्हा दारापासून सुरुवात. घरी दिव्याचे बटण चालू-बंद, चालू-बंद. आणि एकच प्रश्न दिवसातून कितीतरी वेळा, "आज ढोल वाजणार का?"

लोक बोलायला कमी करत नाहीत. कोणी म्हणाले लाडाने बिघडला, कोणी म्हणाले दोन लावून द्या, कोणी हळूच म्हणाले की बाहेरचे काही असेल. त्या बोलण्यापायी त्याच्या आईने उपासनेला येणे सोडले. एका मुलाच्या सवयीमुळे एक अख्खे कुटुंब प्रभूच्या मेजापासून दूर राहिले, ही गोष्ट लहान नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यही असेच विचारतात की पाप कोणाचे, याचे की आईबापाचे? प्रभू सांगतो, याचेही नाही आणि त्यांचेही नाही. आम्ही घरी भेटीला गेलो तेव्हा त्या मुलाची आजी आम्हाला म्हणाली, "त्याले भेव लागते वं माय, दुसरं काई नाही." आजीचे निदान बरोबर होते. आजूबाजूचे सगळे अनिश्चित झाले की मूल एखादी ठरलेली गोष्ट घट्ट धरून बसते. बाकांचे कोपरे बदलत नाहीत, म्हणून ते बरे वाटतात.

डोनाल्ड ट्रिप्लेट या अमेरिकन मुलाची हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमवर जो पहिला प्रसिद्ध लेख लिहिला, त्यातल्या अकरा मुलांत डोनाल्डचे नाव पहिले होते. पुढे त्याला काही वर्षे एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. १९४५ साली कॅनर तिथे गेले आणि त्या दोघांचे शहाणपण पाहून थक्क झाले. मुलाला मापे घेण्याचे वेड होते, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावून तिची खोली सांगायला लावली. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करायचा, तर त्यांच्या दफनासाठी त्यांनी एक जागा नेमून दिली. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर ओळी मोजतच नांगरायला शिकवले. त्यांनी सवयीशी भांडण केले नाही, तिला काम दिले. डोनाल्ड पुढे बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, एकट्याने प्रवास केले आणि २०२३ साली, ८९ वर्षांचा होऊन वारला.

संत्र्याच्या आणि कपाशीच्या मुलखातल्या आपल्या माणसांना ही रीत परकी वाटू नये. आम्ही तीच धरली. आता तो मुलगा उपासनेच्या अर्धा तास आधी येतो. तेव्हा आत कोणी नसते, पेटी-तबला बंद असतो. प्रत्येक बाकावर एक गीतपुस्तक ठेवणे हे त्याचे काम. बाकाला हात लागतो, फेरी एकदाच होते, आणि शेवटच्या बाकावर ती संपते. पुस्तके संपली की काम संपले, हे त्याला दिसते. आधी काय, नंतर काय, याची चार चित्रे आम्ही एका पुठ्ठ्यावर काढून दिली आहेत. ढोलकी असेल तर त्याला आधी सांगतो. आवाज सोसेना झाला की आजीबरोबर बाहेर कडुनिंबाखाली बसण्याची मोकळीक आहे, आणि त्यावर कोणी मान वळवून पाहायचे नाही, असे पाळकसाहेबांनी सर्वांना सांगितले आहे.

घरच्यांसाठी काही गोष्टी. नवी सवय दिसली की आधी शरीर पाहा. कान, दात, पोट, झोप यांचे दुखणे पुष्कळ मुलांना सांगता येत नाही. मग काय बदलले ते आठवा. शाळा, शिक्षक, घर, पाऊस, सण. हात धरून जबरीने थांबवू नका आणि हसूही नका. सवयीने इजा होत नसेल तर तिला वेळ आणि जागा ठरवून द्या. इजा होत असेल तर तसाच आधार देणारे सुरक्षित काही द्या. कॉलरऐवजी चावायला कापडाची पट्टी चालते. एकच प्रश्न शंभरदा आला तर शंभरदा समजूत घालू नका, त्याने भीती वाढत जाते. एकदा प्रेमाने उत्तर द्या, मग पुठ्ठ्यावरच्या चित्राकडे बोट दाखवा.

डॉक्टरकडे कधी जायचे हेही समजून घ्या. सवयीमुळे मूल शांत होत असेल तर ती आधार आहे. पण ते रडत रडत तेच करत असेल, थांबू शकत नसेल, जेवण-झोप-शाळा सुटत असेल, येत असलेले बोलणे गेले असेल किंवा बदल अचानक झाला असेल, तर वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी मोफत होते. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. नागपूर आपल्याला जवळ आहे, तिथे तज्ज्ञ आहेत. निदान ऑटिझमचे निघाले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचा समावेश आहे, प्रमाणपत्र मिळते. प्रार्थना आणि औषधोपचार यांत वैर नाही. झाडाखाली मरण मागत निजलेल्या एलीयाला देवाने आधी भाकर, पाणी आणि झोप दिली. बोलणे नंतर झाले, तेही मंद स्वरात.

आमचा मुलगा "बरा झाला" अशी साक्ष आम्ही देणार नाही. दिव्याचे बटण अजून चालूच आहे. काही रविवार तो पूर्ण वेळ कडुनिंबाखालीच असतो. पण त्याची आई परत येऊ लागली आहे, आणि गीतपुस्तक न सापडल्यास मोठी माणसे आता त्यालाच विचारतात.

प्रत्येक मंडळीत असे एखादे घर असेल, कदाचित कित्येक महिने न दिसलेले. या आठवड्यात त्यांच्याकडे जा. सल्ला देऊ नका. मुलाला काय सोसत नाही आणि काय आवडते, एवढेच विचारा, आणि त्याप्रमाणे देवळात एक जागा करा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू गर्दीतून एकाला बाजूला नेलेस. आमच्या लेकरांची भीती तुला कळते. थकलेल्या आईबापांना बळ दे, आमचे आवाज हळू कर, आमच्या नजरा मऊ कर. आमेन.