दोन मिलिअँपिअर

भिलाईत विजेचं कुणाला अप्रूप नाही. पोलाद कारखान्यात आयुष्य काढलेली माणसं घरोघरी आहेत. पण नैराश्याच्या एखाद्या रुग्णाला मी ‘टीडीसीएस’ सुचवलं, की नातेवाईकांचा प्रश्न ठरलेला : “डॉक्टर साहब, शॉक तो नहीं देंगे?”

शॉक म्हणजे ईसीटी. १९३८ मध्ये रोमला चेर्लेत्ती आणि बिनी यांनी तो सुरू केला. त्यात साधारण ८०० मिलिअँपिअरचा करंट काही सेकंद देऊन मेंदूत मुद्दाम फिट आणतात. तीव्र नैराश्यात आजही तो प्राण वाचवतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल व स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देता येत नाही. टीडीसीएस, म्हणजे ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन, ही निराळीच गोष्ट. इथे करंट एक ते दोन मिलिअँपिअर, वेळ वीस-तीस मिनिटं. रुग्ण जागा असतो, गप्पा मारत असतो. फिट आणायची नसतेच.

हे ऐकून नातेवाईक निश्चिंत होतात आणि कारखान्यातून निवृत्त झालेले काका शंका काढतात : “दोन मिलिअँपिअरमध्ये इंडिकेटरसुद्धा धड लागत नाही. त्यानं डोक्यात काय होणार?”

शंका रास्त आहे. त्यातलाही बराचसा करंट कातडीतूनच पलीकडे निघून जातो. मेंदूपर्यंत पोचतो त्यात पेशीला पेटवण्याची ताकद नसते. पण मेंदूची पेशी म्हणजे विझलेला दिवा नव्हे. तिच्या आवरणाच्या आतबाहेर मुळातच सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. तो ठरावीक पातळीपर्यंत उतरला की ती संदेश सोडते. आपला करंट हा फरक किंचित हलवतो, इतकंच. धन इलेक्ट्रोडखालच्या पेशी संदेश सोडायला थोड्या अधिक तयार होतात, ऋण इलेक्ट्रोडखालच्या थोड्या कमी. २००० मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला निट्शे आणि पाउलुस यांनी हे मोजून दाखवलं. पुढच्याच वर्षी त्यांना दिसलं, की तेरा मिनिटांच्या करंटचा परिणाम तास-दीड तास टिकतो. पेशींमधले जोड त्या काळात बदलायला अनुकूल झालेले असतात.

काकांना मी त्यांच्याच रेल मिलमधलं सांगतो. भट्टीत तापवल्याशिवाय ब्लूमचा रूळ होत नाही, पण नुसत्या तापण्यानंही होत नाही. आकार रोल देतात. करंट हे तापवणं झालं. आकार देणारं काम औषध, समुपदेशन, लकव्यानंतरचा हाताचा व्यायाम यांचं.

प्रत्यक्षात सगळं फार साधं दिसतं. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप लावून जागा काढायची. नैराश्यात धन इलेक्ट्रोड कपाळाच्या डाव्या बाजूला, थोडा वर. स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवलेला, पण निथळणारा नको. पाणी ओघळलं की करंटही त्याच्या मागे जातो. इथला खरा शत्रू खोबरेल तेल. आदल्या रात्री चोपडून आलेल्या डोक्यावर यंत्र अडथळा दाखवत राहतं, म्हणून शाम्पू करूनच बोलावतो. सुरुवातीला मुंग्या चावल्यासारखं होतं, क्वचित कातडी लाल होते.

कल्पना जुनीच आहे. १८०० च्या आसपास आल्दिनीनं विषादाच्या रुग्णांवर बॅटरीचा करंट वापरून पाहिला होता. भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ मध्ये पेटली, त्या सुमारास आपल्या कारखान्याला हात देणाऱ्या सोव्हिएत देशात डॉक्टर ‘इलेक्ट्रोस्लीप’ वापरत होते : झोप यावी म्हणून डोळ्यांवर आणि डोक्यामागे इलेक्ट्रोड लावून बारीक करंट.

गुण किती येतो? उत्तर सरळ नाही. ब्राझीलमध्ये २४५ रुग्णांच्या चाचणीत (२०१७) टीडीसीएस खोट्या उपचारापेक्षा सरस ठरलं, पण एस्सिटालोप्रामच्या गोळीच्या तोडीचं आहे असं सिद्ध झालं नाही. जर्मनीत (२०२३) गोळ्या चालू असलेल्यांना वरून करंट दिला, तर खोट्या उपचारापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. २०२४ मध्ये घरच्या घरी, पण दुरून देखरेखीखाली केलेल्या दहा आठवड्यांच्या चाचणीत मात्र बरे होणारे सुमारे ४५ टक्के निघाले. खोट्या उपचारात २२. बंगळूरच्या निमहान्समध्ये स्किझोफ्रेनियात कानी येणाऱ्या आवाजांवर यानं बरंच काम झालं आहे. माझ्या मते हा पहिला उपाय नव्हे. गोळ्या सोसत नाहीत किंवा नकोत, अशांसाठी तो विचारात घ्यावा. कवटीत धातू असेल किंवा फिट येत असतील, तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

ऑनलाइन मिळणारी स्वस्त यंत्रं किंवा नऊ व्होल्टची बॅटरी डोक्याला लावण्याच्या फंदात पडू नका. कातडी भाजते, शिवाय करंट वाढवून परिणाम वाढेलच असं नाही. एका प्रयोगात ऋण इलेक्ट्रोडचा करंट दोन मिलिअँपिअरवर नेताच पेशी मंदावण्याऐवजी उलट तल्लख झाल्या.

उपचार रोज घ्यावा लागतो, आठवड्याचे पाच दिवस, दोन-तीन आठवडे. नाईट शिफ्टवाल्याला हे जड जातं. म्हणून वेळ त्याच्या ड्यूटीप्रमाणे ठरवावी. आणि कुणी हा उपचार सुचवला, तर “शॉक तर नाही ना?” एवढ्यावर थांबू नका. करंट अर्धा तास चालणार. उरलेल्या साडेतेवीस तासांत झोप, औषध, बोलणं, हालचाल यांचं काय ठरवलंय, तेही विचारा.