मागे सरकलेली खुर्ची

अनमोड घाट चढून रामनगरमार्गे जोयड्याला गेले, की गोव्याच्या अंगणातून मागच्या परसात आल्यासारखे वाटते. बोली ओळखीची, फणस ओळखीचे. वस्ती मात्र विरळ, आणि दवाखाने त्याहून विरळ.

माझा एक डॉक्टर मित्र या तालुक्यात बरीच वर्षे होता. परवा त्याच्या सोप्यावर बसलो असता तो एकदम म्हणाला, "एचआयव्हीचा माझा पहिला पेशंट आला ना, तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली होती. नकळत. पण त्याने ते पाहिले. मी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून दिली. 'बरें सायबा' म्हणून गेला. तिथे पोचलाच नाही, असे मागाहून कळले."

त्याला विद्या येत नव्हती असे नाही. पुस्तक पाठ होते, पण असा रुग्ण समोर कधी बसला नव्हता.

आपण डॉक्टरची डिग्री विचारतो. असे किती रुग्ण पाहिलेत, हे विचारत नाही. अमेरिकेतील सिॲटल येथे १९८४ ते १९९४ या काळातल्या एड्सच्या ४०३ रुग्णांचा अभ्यास झाला, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्या डॉक्टरांना या रोगाचा अनुभव सर्वांत कमी होता, त्यांचे रुग्ण निदानानंतर साधारण १४ महिने जगले. सर्वांत अनुभवी डॉक्टरांचे २६ महिने. बारा महिन्यांचा फरक! म्हणजे एक अख्खी चवथ आणि एक शिगमा.

आणि अनुभव नसला की भीतीच कारभार करू लागते. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा याला म्हापशात ६४ दिवस कोंडून ठेवले होते, हे आपण गोंयकारांनी तरी विसरू नये.

१ एप्रिल २००४ पासून सरकारी इस्पितळांत या रोगाची औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून निदान झाले की लगेच उपचार, असे धोरण आले. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. पण माणूस ती रोज घेतो का, घेत नसेल तर का, सोबत क्षय तर नाही ना, हे ओळखायला नजर लागते. ती रुग्ण पाहूनच येते. जोयड्यासारख्या ठिकाणी असे रुग्ण डॉक्टरला भेटणार किती? आणि चार चेहरे ओळखीचे होईस्तोवर बदलीचा हुकूम येतो.

"मग करायचे काय?" मी विचारले.

"विचारायचे. ज्याने शेकड्यांनी पाहिलेत, त्याला फोन करायचा. त्यात लाज कसली? दुसऱ्या पेशंटपासून मी तेच केले. त्याला समोर बसवूनच फोन लावला. तो अजून गोळी घेतो, शेत करतो."

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "तो फोन पहिल्याच्या वेळीही लावता आला असता रे. नंबर होता माझ्याकडे."