फ्लॉरेन्सचे गव्हले

आम्ही कळंब्यास राहतो असे सांगितले की कोल्हापूरची मंडळी गालातल्या गालात हसतात. कारण कळंबा म्हटले की त्यांस प्रथम आठवते ते मध्यवर्ती कारागृह. तलाव त्यानंतर आठवतो. ज्या तलावाचे पाणी एके काळी सारे शहर प्याले, त्याला मागे सारून तुरुंगाने गावाचे नाव गाजवावे, ही गोष्ट आम्हांस आजवर थोडी लागत असे. परंतु गेल्या वर्षी इटलीतील फ्लॉरेन्स शहर पाहून आल्यापासून नावलौकिकाविषयीची आमची ही तक्रार पुष्कळच मवाळ झाली आहे. ती कशी, ते पुढे येईलच.

आमची कन्या नोकरीनिमित्त मिलानला असते. तिने आम्हां उभयतांस तिकडे बोलावून घेतले, आणि दोन दिवसांकरिता फ्लॉरेन्सला नेण्याचा बेत केला. वेगाच्या गाडीने हा प्रवास अवघा दोन तासांचा आहे. कार्यक्रम तिने आधीच आखून ठेवला होता: पहिल्या दिवशी सकाळी वाटाड्यासह पायी शहरफेरी, दुपारी उफ्फित्सी येथील चित्रालय, दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात फेरफटका व त्यानंतर पाकवर्ग. या कार्यक्रमात आम्ही एकच भर सुचविली, ती राजाराम महाराजांच्या छत्रीची. आणि एकच हरकत घेतली, ती पाकवर्गाची. जिने उभा जन्म स्वयंपाकघरात घालविला, तिला परदेशी नेऊन, वर पैसे भरून, कणीक मळावयास शिकवावे, हा प्रकार आम्हांस हास्यास्पद वाटला व तसे आम्ही बोलूनही दाखविले. कन्या म्हणाली, "बाबा, पैसे भरले आहेत, आणि ते परत मिळत नाहीत." या युक्तिवादापुढे आमच्या घरात आजवर कोणाचे काही चाललेले नाही.

शहरफेरीची वाटाडी एक तरतरीत तरुणी होती. हातात लहानसे निशाण उंच धरून ती पुढे चाले, आणि कानांत यंत्रे अडकविलेले आम्ही वीसजण वारकऱ्यांसारखे तिच्यामागून. ब्रुनेलेस्कीने १४३६ साली पुरा केलेला तो प्रचंड घुमट पाहिला. अर्नो नदीवरील १३४५ सालचा जुना पूल पाहिला. या पुलावर पूर्वी खाटकांची दुकाने होती. १५९३ साली तेथील फेर्दिनांदो नावाच्या ड्यूकने दुर्गंधीला कंटाळून त्यांस उठविले व सोनारांस बसविले. ते आजही तेथेच आहेत. दोन्ही बाजूंच्या त्या काचेआडच्या अंगठ्या आणि साखळ्या पाहून आम्हांस आपल्या गुजरीची आठवण झाली. १९४४ साली माघार घेताना जर्मन सैन्याने शहरातील बाकीचे सारे पूल उडविले, हा एवढाच राखला. पुढे सांता क्रोचेच्या देवळात कवी दांते याचे थडगे दाखविण्यात आले. ते रिकामे आहे. १३०२ साली या शहराने आपल्या सर्वश्रेष्ठ कवीला हद्दपार केले, तो १३२१ साली रावेन्ना येथे वारला, आणि रावेन्नाकरांनी त्याचा देह परत दिला नाही. त्याच्या तेथील समाधीपुढच्या दिव्याला तेल मात्र दरवर्षी फ्लॉरेन्सहून जाते.

दुसऱ्याच्या गावी मेलेल्या माणसाचा विषय निघाला, तेव्हा आम्ही संधी साधून त्या तरुणीस आमच्या महाराजांविषयी विचारले. तिला 'इंदियानो' नावाचा पूल चांगला ठाऊक होता. घरी जाता-येता ती त्यावरूनच मोटार नेत असे. परंतु तो 'इंदियानो', म्हणजे हिंदी मनुष्य, कोण हे तिने कधी मनावर घेतले नव्हते. तिला हसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आम्ही स्वतः राजाराम कॉलेजात चार वर्षे काढली, आणि ज्याच्या नावाचे कॉलेज तो राजाराम कोणता, हा प्रश्न चार वर्षांत आम्हांस पडला नाही. शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र राजाराम सर्वांस ठाऊक. शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज आमच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेले. या दोघांच्या मध्ये हा तिसरा हरवून गेलेला.

हे राजाराम महाराज १८६६ साली दत्तक म्हणून गादीवर आले. इंग्रजी उत्तम शिकले, आणि १८७० साली, ज्या काळी समुद्र ओलांडला म्हणजे धर्म बुडाला असे आपल्यातील शहाणीसुरती माणसे मानीत, त्या काळी विलायतेस गेले. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, पुष्कळ पाहणे झाले, आणि जे पाहिले ते इंग्रजीत रोजनिशीत लिहीत गेले. ती रोजनिशी त्यांच्याबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली लंडनमध्ये छापून काढली. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात त्यांनी देह ठेविला. वय वीस. त्या देशात प्रेत जाळण्याची चाल नव्हती. विशेष परवानगी मिळवून अर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन करण्यात आले.

चित्रालयाविषयी येथे लिहीत नाही. चित्रे थोर आहेत, आणि आमचे पाय दुखले.

दुसऱ्या दिवशीची बाजारफेरी १८७४ साली बांधलेल्या मध्यवर्ती मंडईत होती. लोखंड आणि काच यांची ती भव्य इमारत पाहून आम्ही प्रसन्न झालो. परंतु आत शिरताच गाईच्या जठराचे तुकडे उकळून पावात घालून देणारे दुकान लागले व सौ.ने पदर नाकाला लावून डोळे मिटून घेतले. हे त्या शहराचे आवडते खाणे. त्याच शहरात रोजचा पाव मात्र बिनमिठाचा भाजतात. पहिला घास घेऊन सौ.ने "मीठ विसरले वाटते," असे मला हळूच सांगितले. घेवड्याच्या पांढऱ्या दाण्यांवर या लोकांचा इतका जीव, की बाकीचे इटालियन त्यांस 'दाणेखाऊ' म्हणून चिडवितात. शिळा पाव, दाणे आणि पालेभाजी एकत्र शिजवून ठेवावयाची, व दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळवून खावयाची, हे तेथील एक नामांकित पक्वान्न. शिळ्या पोळीचा कुस्करा फोडणीस टाकणाऱ्या आपल्या गृहिणींस याचे मर्म समजावून सांगावयास नको.

पाकवर्ग एका जुन्या घराच्या तळमजल्यावर होता. आठ विद्यार्थी, आठ देशांचे म्हणावेत असे आठ चेहरे, आणि शिकविणाऱ्या साठीच्या एक ठेंगण्या बाई. त्यांनी भल्यामोठ्या लाकडी फळीवर मैद्याचे आळे केले आणि त्यात अंडी फोडली. सौ. दोन पावले मागे सरली. कन्येने अडचण सांगताच बाई म्हणाल्या, "अंडे ही सुखवस्तूंची चैन. सिएनाकडच्या खेड्यांत बायका नुसत्या पिठापाण्याच्या 'पीची' वळीत आल्या आहेत. तुम्ही त्या करा." पुढे चीजचा प्रश्न निघाला. तेथील प्रसिद्ध पार्मेजान चीजचे दूध वासराच्या जठरातील विरजणाने गोठवितात, हे बाईंनी प्रामाणिकपणे सांगून टाकले. ही गोष्ट आम्हांस नवी होती. मिलानमध्ये आठ दिवस आम्ही ते आवडीने खाल्ले होते. सौ.ने आमच्याकडे पाहिले. आम्ही छताकडे पाहिले. चीजच्या ऐवजी शिळ्या पावाचा चुरा तेलात खमंग परतून वर घालावयाचा ठरले. ज्यांना चीज परवडत नसे त्या घरांतून तसेच करीत.

पीची म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया. पिठात पाणी व थोडे ऑलिव्हचे तेल, घट्ट मळून मुरत ठेवावयाचे, मग तळहाताखाली फळीवर लांबवीत न्यावयाचे. इतरांच्या शेवया कोठे गांडुळासारख्या, कोठे दोऱ्यासारख्या होत होत्या. सौ.च्या हाताखालून एकसारखी लांबच लांब शेवई निघू लागली. सर्वांचे होईपर्यंत तिचे पीठ संपले. हातात एक गोळी उरली. तिने ती नकळत अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरली, आणि फळीवर गव्हले पडू लागले. गव्हाच्या दाण्याएवढे, दोन्ही टोकांस निमुळते, एकासारखे एक. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांच्यामागे सारा वर्ग गोळा झाला.

आमच्या वाचकभगिनींस वळवट म्हणजे काय हे माहीत असेल; परंतु त्यांच्या कन्यांस असेलच अशी खात्री देता येत नाही, म्हणून लिहितो. गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे असे याचे अनेक प्रकार. बारीक रव्याचे पीठ दुधापाण्यात मळून, चिमटीने वळून, सावलीत वाळवावयाचे. त्यांची खीर. लग्नघरी यांचा मुहूर्त करावयाचा, आणि रुखवतात ते मांडावयाचे. आमची आई यात हातखंडा होती. उतारवयात तिची दृष्टी अधू झाली तरी नुसत्या स्पर्शाने ती तासन् तास गव्हले वळीत बसे. ती विधवा होती. आमच्या बहिणीच्या लग्नात मुहूर्ताचे पहिले पाच गव्हले सुवासिनींनी वळले, आणि त्या चहास उठून गेल्यावर उरलेले पायलीभर आईने. त्या वेळी हे कोणासच वावगे वाटले नाही, आम्हांस धरून.

सौ. हे काम आईजवळ बसून शिकली. आई गेल्यानंतर, कन्येच्या लग्नाच्या आधी, तिने एके दुपारी पाट मांडला. आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो. आम्ही म्हणालो, "बाजारात पुडा मिळतो की शंभर रुपयांना. कशाला पाठ मोडून घेतेस?" आमच्या समजुतीने आम्ही तिच्या पाठीची काळजी केली. तिने काही उत्तर दिले नाही. पाट उचलला तो माळ्यावर गेला, आणि रुखवतात विकतचे गव्हले मांडले गेले. या गोष्टीला बारा वर्षे झाली, आणि फ्लॉरेन्समधील त्या फळीसमोर उभे राहीपर्यंत ती आमच्या आठवणीतही नव्हती. तिच्या होती. कन्येने त्या सकाळसाठी माणशी काय भरले होते ते आम्हांस माहीत होते. त्या पैशांत पुड्यांचे पोते आले असते.

बाईंनी विचारले, "हे तुम्हांला कोणी शिकविले?" कन्येने भाषांतर केले. सौ. म्हणाली, "सासूबाईंनी." बाईंनी मान डोलावली व पुन्हा काही विचारले. या वेळी कन्या गप्प राहिली. सौ. वाट पाहत होती. शेवटी कन्या मराठीत म्हणाली, "आई, त्या विचारताहेत, तू मला शिकवलंस का."

सौ.ने पीठ झाडले आणि म्हणाली, "सांग त्यांना, राहून गेलं म्हणावं."

जेवण उत्तम झाले. निघताना बाईंनी ते मूठभर गव्हले कागदात बांधून सौ.च्या हाती दिले.

गाडीला तीन तासांचा अवकाश होता. कन्या म्हणाली, "आता ट्रॅमनं काशिनेला जाऊ." सौ.ने चमकून विचारले, "काशीला?" काशिने हे अर्नोकाठच्या मोठ्या उपवनाचे नाव, पूर्वी तेथे मेदिची घराण्याच्या गाईंचे गोठे होते. ट्रॅममधून उतरून झाडांखालून नदीच्या कडेकडेने पुष्कळ चालावे लागते. वस्ती विरळ होत जाते. धावण्याचा व्यायाम करणारे कोणी भेटले तर भेटले. अगदी टोकाशी, जेथे मुन्योने अर्नोस मिळते, तेथे छत्री उभी आहे.

छत्रीखाली महाराजांचा रंग दिलेला अर्धपुतळा आहे. डोक्यास पागोटे, गळ्यात अलंकार, आणि चेहरा मिसरूड फुटलेल्या मुलाचा. मूर्तिकार फुलर, आणि छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट याचा. ज्या मँटने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला तोच हा. १८७४ साली ही छत्री उभी राहिली. इंग्रजी व इटालियन लेखांच्या जोडीस आपल्या अक्षरांतील लेखही कोरलेला आहे. इतक्या दूर ती अक्षरे पाहून घसा दाटून येतो. पलीकडेच १९७८ साली पुरा झालेला, लोखंडी दोरांनी तोललेला तो 'इंदियानो' पूल; त्यावरून मोटारी अखंड जात होत्या.

सौ. बराच वेळ दोन्ही नद्यांकडे पाहत होती. मग म्हणाली, "अगदी प्रयाग चिखलीसारखं आहे हो." थोड्या वेळाने म्हणाली, "वीस वर्षांचं पोर." तिने कागद सोडला, आणि खाली वाकून कठड्यापाशी गव्हले ठेविले. पाच, मोजून. आम्ही काही विचारले नाही. कन्येने आपला हात पुढे केला. उरलेले गव्हले सौ.ने तिच्या ओंजळीत घातले, आणि चिमूट कशी धरावयाची ते रिकाम्या बोटांनी तिला तेथेच उभ्या उभ्या दाखवू लागली. त्या नादात आमची गाडी चुकली. पुढच्या गाडीची तिकिटे महाग पडली.

कळंब्यास परत आल्यावर माळ्यावरून पाट आम्ही स्वतः काढला. त्यावर बोटभर धूळ होती. आता रविवारी दुपारी फोन पाटासमोर उभा करून मायलेकी दोन देशांत बसून गव्हले वळतात. कन्येचे अद्याप टोकाशी बोथट येतात असे सौ.चे मत आहे. आम्हीही एकदा हात धुऊन शेजारी बसलो. अर्ध्या तासात आमचे अकरा झाले. सौ.ने ते निराळ्या ताटलीत काढून ठेविले, खिरीत घातले नाहीत, आणि फोनवर कन्येस दाखवीत म्हणाली, "बघ, तुझ्या बाबांनी हरभरे केलेत."